काँक्रीट रस्त्याचं ग्राइंडिंग आणि ग्रूव्हिंग: या चुका टाळा

काँक्रीटचा रस्ता खडबडीत झाला की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला: वरून डांबराचा थर. सांगलीच्या जुन्या पेठांत किंवा साताऱ्यातल्या उतारावरच्या गल्ल्यांत याचे परिणाम बघायला मिळतात. रस्ता वर, उंबरा खाली आणि जुलैचं पाणी सरळ घरात. शिवाय खालच्या जॉइंटची, म्हणजे दोन स्लॅबमधल्या फटीची, रेघ काही काळाने डांबरावर उमटते ती वेगळीच. डायमंड ग्राइंडिंग याच्या उलट जातं. थर चढवायचा नाही, हिऱ्याचे कण बसवलेल्या पात्यांनी साधारण ३ ते ६ मि.मी. काँक्रीट तासून काढायचं. ग्रूव्हिंग म्हणजे त्याच काँक्रीटमध्ये पाण्यासाठी खाचा पाडणं; त्याबद्दल पुढे. रस्त्याची उंची वाढत नाही, चेंबरची झाकणं उचलावी लागत नाहीत, रात्री एक लेन करून सकाळी वाहतूक सोडता येते.

पद्धत नवी नाही. कॅलिफोर्नियातल्या आय-१० महामार्गाचा एकोणीस वर्षं जुना पट्टा १९६५ मध्ये असा तासला गेला. तोच पट्टा १९८४ आणि १९९७ मध्ये पुन्हा तासला. एवढं आयुष्य मिळतं, पण खालचा स्लॅब धड असेल तरच. आपल्याकडे नेमकं तेच तपासायचं राहून जातं.

पायरी का पडली हे न विचारता मशीन लावणं

सगळ्यात महागडी चूक हीच. दोन स्लॅबच्या मध्ये पायरी पडली, गाडी दर जॉइंटला दणका खाते, म्हणून ग्राइंडिंग मागवलं जातं. पायरी पडते ती खालून. जॉइंटमधून पाणी आत मुरतं, भराव भिजतो. जड वाहन जॉइंट ओलांडताना पुढच्या स्लॅबवर आदळतं, तिथलं पाणी बारीक माती घेऊन मागच्या स्लॅबखाली ढकललं जातं. हळूहळू मागचा स्लॅब उचलला जातो, पुढचा बसतो. वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यातली काळी माती आणि गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर हे दोन्ही एकत्र आले की ही क्रिया वेगाने होते. कृष्णाकाठच्या ज्या गल्ल्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्याखाली होत्या, तिथे तर स्लॅबखाली पोकळी असेल असं गृहीत धरूनच तपासणी करावी.

तपासणीला मोठं यंत्र लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर जॉइंटपाशी उभे राहा. भरलेली गाडी जाताना फटीतून गढूळ पाण्याची पिचकारी उडत असेल, किंवा जॉइंटच्या कडेला वाळलेल्या चिखलाचा डाग असेल, तर खाली पोकळी आहे. जड लोखंडी गजाने स्लॅबचा कोपरा ठोकून पाहा. पोकळ आवाज आला की समजा. अशा ठिकाणी नुसतं ग्राइंडिंग केलं तर उद्घाटनापुरता रस्ता गुळगुळीत राहतो आणि पावसाळा सरला की पायरी परत हजर.

म्हणून क्रम पाळायचा. आधी पाण्याचा निचरा: गटार तुंबलेलं असेल तर बाकी सगळं फुकट. मग स्लॅबखालच्या पोकळीत ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंटचं मिश्रण, भरणं, फुटलेल्या भागांची पूर्ण खोलीची दुरुस्ती, जॉइंटवर भार पुढे जात नसेल तर चाकाच्या वाटेवर खाचा पाडून डोवेल बार (दोन स्लॅब जोडणारे लोखंडी गज) बसवणं. त्यानंतर ग्राइंडिंग आणि शेवटी जॉइंट भरणं. इंडियन रोड्स काँग्रेसची काँक्रीट रस्त्यांच्या देखभालीसाठी आयआरसी:एसपी:८३ ही वेगळी मार्गदर्शिका आहे; काम काढणाऱ्या अभियंत्याच्या टेबलावर ती असायला हवी. बऱ्याच ठिकाणी हा क्रम उलटतो, कारण ग्राइंडिंगचा फरक लगेच दिसतो आणि ग्राउटिंगचा कुणाला दिसत नाही.

जॉइंट आधी भरून मग तासणं ही याच क्रमाची छोटी चूक. पृष्ठभाग खाली जातो, सीलंट (जॉइंट भरायचा मसाला) वर येतं, टायरला चिकटून उपटतं. सीलंट तासलेल्या पृष्ठभागापेक्षा किंचित खालीच हवं.

पातळ स्लॅबवर मोठा हात

महामार्गाचा स्लॅब ३०० मि.मी.च्या आसपास असतो, गावातल्या गल्लीचा त्याच्या निम्मा, कधी त्याहून कमी. जाडी कमी झाली की स्लॅबमधला ताण ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. ३०० मधून ६ मि.मी. काढले तर ताण सुमारे ४ टक्के वाढतो, १५० मधून काढले तर साडेआठ टक्के. त्यामुळे गल्लीत सरसकट तासू नका. उंचवटे तेवढे काढा, आणि कोअर (स्लॅबमधून कापलेला गोल नमुना) काढून खरी जाडी बघितल्याशिवाय खोली ठरवू नका. कागदावर १५० आणि जागेवर ११०, हे कुणाला नवीन नाही.

भलतं मशीन

डांबर खरवडणारं मिलिंग मशीन काँक्रीटवर चालवून ‘ग्राइंडिंग झालं’ म्हणणारे आहेत. मिलिंगचे दात आघाताने तुकडे पाडतात, त्यामुळे जॉइंटच्या कडा उडतात आणि रस्ता आधीपेक्षा जास्त आवाज करतो. दुसऱ्या टोकाला फरशी घासायचं मशीन असतं. ते उंचवटा काढतं, पण पृष्ठभाग इतका गुळगुळीत करतं की पहिल्या सरीत दुचाकी घसरते.

खऱ्या मशीनमध्ये एका दांड्यावर डायमंडची पाती दाटीने बसवलेली असतात, मीटरला साधारण १६५ ते १९५. पाती काँक्रीटवर कंगवा फिरवल्यासारख्या समांतर रेघा पाडतात. रेघांमधल्या पातळ कडा वाहतुकीखाली थोड्या मोडतात आणि उरलेला पोत टायरला पकड देतो. १.२ मीटर रुंदीचा हेड (पात्यांचा दांडा) आणि ५० मि.मी.चा ओव्हरलॅप धरला तर तीन फेऱ्यांत ३.५ मीटरची लेन बरोबर बसते. ओव्हरलॅप विसरला की दोन फेऱ्यांच्या मध्ये न कापलेली उंच पट्टी उरते. दुचाकीच्या चाकाला ती लगेच जाणवते.

पाती फिरतात, कापत नाहीत

सातारा-सांगलीतली खडी म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, बेसॉल्ट. टिकायला उत्तम, कापायला चिवट. डायमंडचे कण धातूच्या मिश्रणात बसवलेले असतात, त्याला बाँड म्हणतात. खडी कठीण असेल तर बाँड मऊ हवा, म्हणजे तो झिजत जातो आणि नवे धारदार कण उघडे पडतात. कठीण खडीला कठीण बाँड लावला की जुने कण बोथट होऊन तसेच बसून राहतात आणि पातं आरशासारखं चकाकतं. मग ऑपरेटर जोर वाढवतो, पाती तापतात, मशीनचा वेग मरतो आणि डिझेलचं बिल चढतं. उपाय जोराचा नाही. खरखरीत, मऊ ब्लॉकवर पाती थोडी चालवून धार उघडी करा, पाण्याचा दाब बघा. तरीही तेच होत असेल तर पाती बदला. चुनखडीच्या खडीवर छान चाललेला सेट इथे चालेलच असं नाही, म्हणून टेंडर भरण्याआधी त्याच रस्त्यावर चाचणीपट्टा करून घ्यावा. कठीण खडीत पातीही जरा जवळ बसवावी लागतात, नाहीतर मधल्या कडा रुंद राहतात आणि मोडत नाहीत.

तासल्यावर एकच उंच रेघ सलग जाताना दिसली तर एखादं पातं तुटलंय किंवा झिजलंय. शेजारच्या दोन फेऱ्यांत पायरी आली तर हेडची एक बाजू जास्त झिजली आहे. मधेच एखादा चट्टा अजिबात न कापलेला राहिला तर मात्र लगेच घाबरू नका, ती जागा मुळातच खोल असते. शंभर टक्के पृष्ठभाग कापायचाच असा हट्ट धरला तर त्या एका खोलगटासाठी आजूबाजूचा सगळा स्लॅब खाली न्यावा लागतो. ९५ टक्के क्षेत्र तासलं गेलं की बस, ही अट प्रचलित आहे आणि ती शहाणपणाची आहे.

सकाळचं माप आणि दुपारचं माप

माण, खटाव, आटपाडी, जत या भागात हिवाळ्यात पहाटे आणि दुपारी तापमानात बराच फरक असतो. पहाटे स्लॅबचा वरचा भाग गार पडून आकसतो, कडा वर उचलल्या जातात. दुपारी उलट, मध्य फुगतो. पहाटेचं माप धरून जॉइंटचे उंचवटे तासले तर दुपारी तिथे खळगे जाणवतात. माप दोन्ही वेळी घ्या आणि दोन्हीत उरणारा उंचवटाच काढा.

ग्रूव्हिंगकडून भलती अपेक्षा

ग्राइंडिंग रस्ता समतल करतं. ग्रूव्हिंग समतल करत नाही. ते पाण्याला टायरखालून निघायला वाट देतं. खाचा सुमारे ३ मि.मी. रुंद, ३ ते ५ मि.मी. खोल, १९ मि.मी. अंतरावर. रस्त्याला उतारच नसेल आणि पाणी साचत असेल तर खाचाही पाण्याखालीच राहणार.

महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसात, वळणावर आणि उतारावर ग्रूव्हिंगचा उपयोग खरा. वळणावर लांबीच्या दिशेने खाचा घ्याव्यात, त्या गाडीला बाजूला घसरण्यापासून धरतात. आडव्या खाचा पाणी लवकर काढतात, ब्रेकिंगच्या जागी चांगल्या. पण त्या अगदी समान अंतरावर पाडल्या तर टायरचा एकसुरी शीळ घातल्यासारखा आवाज येतो. वस्तीजवळ त्या विषम अंतरावर पाडाव्यात. लांबीच्या खाचांवर दुचाकीचं चाक किंचित इकडेतिकडे होतंय असं वाटतं, म्हणून सुरुवातीला फलक लावणं बरं.

उसाच्या शेतातून रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती खाचांत ठासून बसते, हे कुठल्याच अंदाजपत्रकात नसतं. शेताच्या वाटा जिथे रस्त्याला मिळतात तिथे खाचा पावसाआधी दाबाच्या पाण्याने धुतल्या नाहीत तर त्या असून नसल्यासारख्या.

स्लरी कुठे गेली?

एक किलोमीटर लांब, ३.५ मीटर रुंद लेनमधून सरासरी ४ मि.मी. काँक्रीट काढलं तर १४ घनमीटर माल होतो, शिवाय पाणी. ही स्लरी तीव्र अल्कधर्मी असते, सामू (पीएच) ११-१२ पर्यंत जातो. गटारात सोडली की ओढ्यात, ओढ्यातून कृष्णेत किंवा येरळेत. वर गटारात सिमेंटचा गाळ बसतो आणि पुढच्या पावसात तेच गटार तुंबून पाणी पुन्हा जॉइंटमध्ये. मशीनला व्हॅक्यूम हवाच, टँकर हवा, आणि अस्तर घातलेल्या खड्ड्यात गाळ बसवून मगच विल्हेवाट. पाणी वाचवायला कोरडं कापणं तर अजिबात नको. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, आणि ती जाते कामगाराच्या फुप्फुसात. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ती अडत नाही.

मोजमाप

बिल चौरस मीटरवर निघतं, म्हणून कामही चौरस मीटरमध्येच मोजलं जातं, पोत कुणी मोजत नाही. त्याची चाचणी सोपी आहे. २५ मिली बारीक वाळू कोरड्या पृष्ठभागावर गोल पसरा. वर्तुळाचा व्यास १८ से.मी. आला तर पोताची सरासरी खोली जवळपास १ मि.मी., २५ से.मी. आला तर अर्धा मि.मी. दर लेनमध्ये चाकाच्या वाटेवर आणि वाटेबाहेर अशा दोन्ही जागी मोजा. सोबत ३ मीटरची सरळ पट्टी, जॉइंटवर आडवी आणि लांबीची. टेंडरमध्ये पोताची किमान खोली, पायरीची कमाल मर्यादा, स्लरी उचलणं आणि जॉइंट पुन्हा भरणं या चार गोष्टी स्वतंत्र बाबी म्हणून लिहा. ‘ग्राइंडिंग करणे, सर्वसमावेशक दर’ असं एका ओळीत लिहिलं की यातलं पहिलं गळतं ते जॉइंट भरणं, आणि पाणी तिथूनच आत जातं.