बडोद्याच्या घरात चित्रे, जुन्या वस्तू आणि हातकाम: निवड, मांडणी व निगा

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतील जुनी घरे सोडून मराठी कुटुंबे अलकापुरी, गोत्री किंवा मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला जातात, तेव्हा माळ्यावरचे घंगाळ, पानाचा डबा आणि सागवानी फडताळ बहुधा भंगारवाल्याच्या काट्यावर चढते, आणि नव्या दिवाणखान्यासाठी कारखान्यात छापलेली, कोणत्याही गावातल्या कोणत्याही घरात खपून जातील अशी चित्रे विकत आणली जातात. हा क्रम उलटा आहे. आधी घरात काय आहे ते पाहावे, मग आपल्या परिसरातील कारागीर आणि चित्रकार काय करतात ते पाहावे, आणि त्यानंतरही भिंत रिकामी वाटली तरच बाजाराची वाट धरावी. बडोद्यात तर तशी वेळ फारशी येऊ नये.

माळ्यावरचे सामान खाली उतरवल्यावर प्रत्येक वस्तूबद्दल दोन प्रश्न विचारावेत: तिच्यावर हाताचे काम दिसते का, आणि ती आजही कशाच्या तरी उपयोगी पडेल का? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर भीड न बाळगता ती देऊन टाकावी. उरलेल्या वस्तूंना नवे काम द्यावे, पण त्यांचे रूप बदलू नये. फडताळात पुस्तके राहू शकतात, घंगाळात पाणी भरून मोगरा किंवा झेंडू तरंगत ठेवता येतो, चौरंगावर छोटे शिल्प शोभते. समईला भोक पाडून विजेचा दिवा बसवणे किंवा जुन्या दाराचे तुकडे करून टेबल बनवणे मला अजिबात मान्य नाही. जो बदल उद्या पूर्ववत करता येणार नाही, तो जुन्या वस्तूवर करू नये, आणि एवढा एक नियम पाळला तरी पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

भिंत आणि उजेड

वस्तूंची निवड झाल्यावर त्या कुठे ठेवायच्या, हे ऊन आणि ओल यांना विचारून ठरवावे लागते. बडोद्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते, आणि पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते. कागदावरचे जलरंग, छापील चित्रे, छायाचित्रे आणि कापड यांचे रंग उन्हाने उडतात आणि एकदा उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. त्यामुळे या वस्तू थेट ऊन न येणाऱ्या आतल्या भिंतीवरच लावाव्यात. तैलचित्र त्या मानाने अधिक सोसते, तरी त्यालाही तापलेली भिंत मानवत नाही.

ओलीची शंका असल्यास प्लॅस्टिकचा वीतभर चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूला भिंतीलगत दमटपणा जमला, तर ओल भिंतीतूनच येत आहे असे समजावे आणि तिथे कागद किंवा कापड लावण्याचा विचार सोडून द्यावा. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीची अशी परीक्षा जरूर घ्यावी. कोरड्या भिंतीवरही चौकटीच्या मागे, खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवावेत, म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामध्ये हवा खेळती राहते आणि पावसाळ्यात काचेआड बुरशी धरण्याची शक्यता कमी होते.

जुन्या वाड्यांत पूर्वजांच्या तसबिरी छताजवळ, पुढे झुकवून टांगलेल्या असत. उंच भिंतींना आणि जमिनीवरच्या बैठकीला ते शोभत असे. फ्लॅटमध्ये चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटिमीटरवर येईल असे लावावे, आणि खोलीत गादी-लोडाची बैठक असेल तर त्याहून खाली आणावे. सोफ्याच्या पाठीपासून चौकटीच्या खालच्या कडेपर्यंत 15 ते 20 सेंटिमीटर अंतर पुरते, आणि चित्राची किंवा चित्रसमूहाची रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश असली की ते ना पोरके दिसते ना अंगावर येते. अनेक चौकटी एकत्र लावायच्या असतील, तर त्यांच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून आधी ते भिंतीवर हलक्या चिकटपट्टीने लावून पाहावेत आणि मांडणी पक्की झाल्यावरच ड्रिल हातात घ्यावे. जड चौकटीला एका खिळ्याऐवजी दोन स्क्रू द्यावेत. घरात झोपाळा असेल, आणि बडोद्यात तो बहुधा असतोच, तर त्याचा पूर्ण झोका मोजून घेऊन त्याच्या टप्प्यातली भिंत मोकळी सोडावी.

भिंतीची विभागणी कशी करावी हे डोळ्यांनी शिकायचे असेल, तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पाहून यावे. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांच्या या वाड्यात एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत आणि त्यांत एकेका प्रसंगाला स्वतंत्र चौकट आणि कडेला नक्षीची पट्टी दिलेली दिसते. इतकी चित्रे एकत्र असूनही नजर गोंधळत नाही, ती या विभागणीमुळे.

चित्रे: रविवर्म्यापासून फाइन आर्ट्सपर्यंत

तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांच्याकडून पौराणिक प्रसंगांची चित्रे करवून घेतली, आणि त्यांची मूळ कामे लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आजही पाहता येतात. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी देवघरात पोहोचल्या. आपल्या घरी अशी तसबीर असेल तर ती त्या काळातली आहे की अलीकडची, हे तपासायला जवाहिऱ्याचे भिंग पुरेसे आहे. लक्ष्मीच्या गालावर भिंग धरल्यावर वेगवेगळ्या रंगांचे बारीक, वेडेवाकडे, हाताने टिंबलेले ठिपके दिसले, तर ते शिळाछापाचे, म्हणजे दगडावरून छापलेले, काम आहे. एकसारख्या अंतरावर, ओळीने आणि छोट्या फुलासारख्या रचनेत बसलेले ठिपके दिसले, तर ते नंतरच्या काळातील ऑफसेट छपाईचे आहे. चित्राच्या खालच्या कडेवर छापखान्याचे नाव असू शकते, म्हणून चौकटीत बसवण्यासाठी ती कड कधीही कापू नये. काही तसबिरींवर देवीच्या साडीला खरी जर आणि टिकल्या लावलेल्या आढळतात. अशा तसबिरीला ओले फडके चुकूनही लावू नये. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ हलकेच झटकावी.

जुन्या तसबिरींच्या मागे बहुधा लाकडाची फळी किंवा वर्तमानपत्राची घडी असते आणि तिच्यातले आम्ल वर्षानुवर्षे चित्राच्या कागदात उतरून तो पिवळा व ठिसूळ करते. चौकटवाल्याला आम्लविरहित पुठ्ठा वापरायला सांगावे, काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटचे, म्हणजे चित्राभोवतीच्या कापलेल्या जाड पुठ्ठ्याचे, अंतर ठेवायला सांगावे, आणि सेलोटेप वापरू देऊ नये, कारण तिचा डिंक कागदात मुरतो आणि त्याचा डाग निघत नाही. जुनी चौकट मात्र शक्य तेवढी राखावी.

नवे चित्र घ्यायचे असेल, तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स विद्याशाखा आपल्या गावातच आहे, हे बडोदेकरांनी विसरू नये. 1950 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी आणि के. जी. सुब्रमण्यन यांनी शिकवले, आणि मुद्राचित्रणात व छायाचित्रणात ज्योती भट्ट यांनी मोठे काम केले. सुब्रमण्यन यांनी विद्याशाखेच्या मेळ्यांसाठी लाकूड, मणी आणि चामडे वापरून खेळणी तयार केली होती. नामवंत कलावंताला घरगुती वस्तू कमी प्रतीची वाटत नाही, याचा हा उत्तम दाखला आहे. विद्यार्थ्यांच्या आणि नव्या चित्रकारांच्या प्रदर्शनांना जात राहावे. मर्यादित पैशांत खरे चित्र हवे असेल, तर मुद्राचित्र घ्यावे: कोरलेल्या लाकडावरून, लिनोवरून किंवा धातूच्या पत्र्यावरून कलावंताने ते स्वतः छापलेले असते. त्याच्या खाली पेन्सिलीने 3/20 असे काही लिहिलेले दिसते. त्याचा अर्थ वीस प्रतींपैकी ही तिसरी, आणि उजवीकडे कलावंताची सही असते. पावती मागावी आणि तिच्यावर चित्राचे नाव, माध्यम आणि वर्ष लिहून घ्यावे. तरुण चित्रकाराशी भावावरून घासाघीस करू नये. परवडत नसेल तर लहान आकाराचे काम आहे का, असे सरळ विचारावे.

संखेडा आणि पिठोरा

बडोदा जिल्ह्याच्या पूर्वेला, शेजारच्या छोटा उदेपूर जिल्ह्यातले संखेडा हे गाव लाखकामाच्या फर्निचरसाठी प्रसिद्ध आहे. सागवानाचे दांडे लेथवर फिरवून त्यांना आकार दिला जातो, रंगाच्या थरावर कथलाच्या भुकटीने नक्षी काढली जाते, ती अकीक या गुळगुळीत दगडाने घासून चमकवली जाते आणि वर पारदर्शक लाखेचा थर चढतो. कथलाची नक्षी रुपेरी असते. लाखेच्या पिवळसर झाकेतून पाहिल्यावर ती सोनेरी दिसते. दुकानात सोनेरी रंगाने रंगवलेली नक्कलही मिळते, म्हणून कारागिराकडून काम पाहून घेतलेले बरे. पूर्ण सोफासेट आणि झोपाळा एकाच खोलीत ठेवला, तर मरून आणि सोनेरी रंगांचा भार होतो. साध्या भिंतीपाशी एकच खुर्ची किंवा पाळणा पुष्कळ होतो. लाख उष्णतेने मऊ पडते आणि स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे या लाकडावर गरम भांडे ठेवू नये, ते उन्हात ठेवू नये, आणि सॅनिटायझर किंवा काच पुसायचे द्रावण त्याला लावू नये. कोरडे मऊ फडके एवढीच त्याची निगा.

पिठोऱ्याबाबत थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे. छोटा उदेपूर भागातील राठवा समाजात पिठोरा हा देव आहे, आणि नवस फेडण्यासाठी घराच्या भिंतीवर त्याचे घोडे काढले जातात. चितारणाऱ्याला लखारा म्हणतात आणि विधी बडवा करतो. परेशभाई राठवा यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर या चित्रांची मागणी वाढणे स्वाभाविक आहे. आज ती कापडावर आणि कागदावरही मिळतात आणि घरात लावण्यात काही गैर नाही, पण ती राठवा चितारणाऱ्याकडूनच घ्यावीत, त्याला त्यातील घोडे आणि आकृती कोणाच्या आहेत हे विचारावे, आणि चपलांच्या कपाटावर किंवा न्हाणीघराच्या दाराशेजारी ती टांगू नयेत. आपल्या देवघरातली तसबीर आपण तिथे टांगणार नाही.

पितळ, लाकूड, कापड

पितळ दर आठवड्याला चिंचेने लखलखीत करण्याचा हट्ट सोडावा. वापरातली भांडी आणि पूजेची उपकरणी घासलीच पाहिजेत, परंतु शोभेच्या जुन्या वस्तूवरची तपकिरी झाक म्हणजे मळ नव्हे; सतत घासल्याने कोरीव नक्षी झिजते. कोरड्या कापडाने पुसावे. हिरवी भुकटी दिसली तर मात्र वस्तू ओलीपासून लगेच दूर करावी. विकत घेताना खिशात लोहचुंबक ठेवावे: अस्सल पितळाला ते चिकटत नाही, मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटते.

फडताळ किंवा पेटी घेताना खण बाहेर काढून उलटा करावा. आतल्या कोपऱ्यात हाताने कापलेले, थोडे असमान सांधे आहेत का, तळाशी फळी आहे की प्लायवूड, आणि खाली पिठासारखी बारीक भुकटी पडते का, हे पाहावे. भुकटी म्हणजे आत कीड जिवंत असू शकते आणि ती घरातल्या इतर लाकडात पसरते. जुना तैलरंग कोरडा घासून काढू नये, कारण त्यात शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक असते.

गोधडी आणि विरलेला शालू या माझ्या मते भिंतीवरच्या सर्वांत सुंदर गोष्टी आहेत, आणि सर्वांत जास्त हाल त्यांचेच होतात. कापड पुठ्ठ्यावर कधीही चिकटवू नये. धुतलेले, खळ काढलेले सुती कापड चौकटीवर ताणून त्यावर जुना तुकडा बारीक, विरळ टाक्यांनी शिवावा. गोधडीला मागच्या बाजूने वरच्या कडेला कापडी नळी शिवून तिच्यात काठी ओवावी, म्हणजे वजन सगळीकडे सारखे पेलले जाते. काही महिन्यांनी ती उतरवून विसावा द्यावा आणि दुसरी लावावी. जरीचे वस्त्र ठेवताना ते मलमलीत गुंडाळावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये.

खरेदीपूर्वी कायद्याचे भान

जुन्या बाजारात कोणी मूर्ती किंवा चित्र शंभर वर्षांहून जुने म्हणून विकत असेल, तर ती वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते: विक्रेत्याला परवाना लागतो, मूर्ती, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी करावी लागते आणि त्या परदेशी नेता येत नाहीत. रविवर्म्यांची मूळ चित्रेही देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. देवळातून आलेली वाटणारी मूर्ती घेऊच नये. हस्तिदंताच्या वस्तूंची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. विक्रेता ती कितीही जुनी असल्याचे सांगो, तिला हात लावू नये.

शेवटचे काम नोंदींचे. प्रत्येक वस्तू कोणी केली, कोणाकडून आली, कोणत्या साली, आणि घरातली असेल तर ती कोणाची होती, हे आम्लविरहित कागदाच्या चिठ्ठीवर मऊ पेन्सिलीने लिहावे. बॉलपेनची शाई कागदात झिरपते. चौकटीच्या मागे ही चिठ्ठी पुठ्ठ्यावर लावावी, चित्रावर नव्हे. गोधडीला ती सुती पट्टीवर लिहून मागच्या बाजूला टाचावी. पितळी वस्तूंसाठी स्वतंत्र वही करावी आणि प्रत्येक नोंदीशेजारी वस्तूचे छायाचित्र लावावे. घरातल्या ज्येष्ठांना जोवर नावे आठवतात, तोवर त्यांच्याशेजारी बसूनच ही वही पूर्ण करावी.