फ्लाय रॉडसाठी स्वस्त ब्लँक घेताना

फ्लाय रॉड (कृत्रिम माशी लावून मासे धरायची काठी) स्वतः बांधायचा असेल तर पहिलाच ब्लँक, म्हणजे काहीही न बसवलेली नुसती काठी, महागडा घेऊ नका. ९ फुटी, ५ वेटचा (वेट म्हणजे रॉड किती जड दोरीसाठी आहे तो आकडा), चार तुकड्यांचा, मध्यम-जलद ॲक्शनचा (वाकून बऱ्यापैकी लवकर सरळ होणारा) ग्राफाइट ब्लँक बहुतेक कामं निभावतो. महाग हाय-मॉड्युलस (जास्त ताठ) ग्राफाइट हलकं असतं खरं, पण ते ठिसूळही असतं. ठोकर लागली की चीर पडायची भीती जास्त. लहान ओढ्यांवरच जाणार असाल तर ३ किंवा ४ वेटचं फायबरग्लास बघा. जड आणि संथ, पण दणकट.

खरे पैसे वाचतात ते रंगात किंवा चकाकीत बारीक दोष असलेल्या ब्लँकमध्ये. जोडात दोष असेल तर मात्र फुकटही नको. तुकडे जोडा आणि एक डोळा मिटून बुंध्याकडून टोकाकडे बघा: किंचित बाक चालतो, गाइड (दोरी ओवायच्या कड्या) बसवताना तो सावरून घेता येतो. हलवल्यावर जोड टकटक वाजला, तर सरळ परत करा.

मागवण्याआधी बुंध्याचा व्यास विचारा, रील सीट (रील अडकवायचा भाग) त्याच मापाने निवडायची असते. आणि हो, कॉर्कची मूठ, गाइड, ते बांधायचा दोरा, इपॉक्सी यांचा खर्चही आधीच मांडा. कित्येकदा तो ब्लँकपेक्षा जास्त भरतो.