तरुण ताऱ्याचे मॉडेल करताना या चुका टाळा

सोलापुरातील शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत ‘ताऱ्याचा जन्म’ हा विषय कोणी घेतला, की थर्माकोलचा पिवळा गोळा, त्याच्या कमरेला घट्ट बसवलेली पुठ्ठ्याची चकती (ताऱ्याभोवती फिरणारी वायू-धुळीची तबकडी दाखवणारी) आणि तिच्यावर केंद्राकडे रोखलेले बाण असे मॉडेल हमखास पाहायला मिळते. मुलांनी त्यासाठी मनापासून मेहनत घेतलेली असते. म्हणूनच ज्या चुका तासाभरात दुरुस्त होऊ शकतात, त्या तशाच राहू नयेत असे वाटते.

सर्वांत मोठी चूक गोळा आणि चकती यांच्या जोडात असते. सूर्याएवढ्या किंवा त्याहून कमी वस्तुमानाच्या तरुण ताऱ्यांना, म्हणजे टी टॉरी ताऱ्यांना, हजार ते तीन हजार गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) इतके प्रबळ चुंबकीय क्षेत्र असते आणि हे क्षेत्र वायूच्या तबकडीला ताऱ्यापासून काही त्रिज्या अंतरावरच अडवते. तेथून पुढे आयनीभूत, म्हणजे विद्युतभारित कणांचा, वायू विषुववृत्ताकडे सरळ न सरकता चुंबकीय बलरेषांच्या वाटेने उचलला जातो, कमानीसारखा वळतो आणि ताऱ्याच्या ध्रुवांच्या आसपास सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर वेगाने आदळतो. जेथे तो आदळतो तेथे तप्त डाग तयार होतात, त्यांतून अतिनील आणि क्ष-किरण बाहेर पडतात, आणि तारा स्वतःभोवती फिरताना हे डाग समोर येत-जात असल्यामुळे त्याचे तेज कमी-जास्त होताना दिसते.

मॉडेलमध्ये हे दाखवणे अवघड नाही. गोळा 10 सेंटिमीटर व्यासाचा असेल तर चकतीला मधोमध साधारण 50 सेंटिमीटर व्यासाचे भोक ठेवावे, त्या भोकाच्या कडेपासून धातूच्या पातळ तारा वाकवून गोळ्याच्या दोन्ही ध्रुवांजवळ न्याव्यात आणि त्या जेथे टेकतात तेथे रंगाचा ठळक ठिपका द्यावा. धूळ दाखवणारा तपकिरी रंग मात्र भोकाच्या कडेपासून थोडा बाहेर सुरू करावा, कारण सुमारे 1500 केल्विन तापमानाला धुळीचे कण वाफ होऊन जातात आणि सर्वांत आतल्या पट्ट्यात केवळ वायू उरतो. याच प्रमाणात 100 खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) त्रिज्येच्या तबकडीची बाहेरची कड अर्धा किलोमीटर दूर जाईल. तेव्हा ‘बाहेरचा भाग प्रमाणात नाही’ अशी चिठ्ठी चकतीवर जरूर लावावी.

दुसरी चूक बाणांची आहे आणि ती अधिक खोल आहे. मोरीत पाणी गरगरत खाली जाते तसा वायू ताऱ्यात ओढला जातो, असे स्पष्टीकरण मुले देतात; परंतु तबकडीतील वायू कक्षेत फिरत असतो, आणि पृथ्वी जशी सूर्यात कोसळत नाही तसा तोही आपोआप कोसळत नाही. आत सरकण्यासाठी त्याला आपला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्यातला जोर, दुसरीकडे सोपवावा लागतो. तो कसा सोपवला जातो, हाच या विषयाचा गाभा आहे. एक मार्ग तबकडीतील चुंबकीय खळबळीचा असून 1991 मध्ये स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली या खगोलशास्त्रज्ञांनी त्याचे महत्त्व दाखवून दिले. ज्या अस्थिरतेवर तो आधारलेला आहे, तिचा गणिती विचार 1960 च्या सुमारास सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनीही केला होता, हे सांगताना मुलांना विशेष आनंद व्हावा. मात्र तबकडीचा मधला थर इतका थंड आणि इतका कमी आयनीभूत असतो की तेथे ही खळबळ मंदावते. त्यामुळे तबकडीच्या पृष्ठभागावरून चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने सुटणारे वारे कोनीय संवेग वाहून नेतात, या दुसऱ्या मार्गाकडे अलीकडे अधिक लक्ष दिले जाते. म्हणून बाण वर्तुळाकार काढावेत, त्यांना आतल्या बाजूला अगदी किंचित झुकाव द्यावा आणि काही बाण तबकडीतून वर व खाली निघताना दाखवावेत.

तक्त्यावर ‘तारा सतत एकाच दराने वाढतो’ असे लिहू नये. टी टॉरी अवस्थेत ताऱ्यावर वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण दहा कोटीवा भाग पडतो, म्हणजे सुमारे पावणेचार वर्षांत आपल्या चंद्राएवढे द्रव्य. या दराने वीस लाख वर्षांतही सूर्याच्या केवळ दोन टक्के भर पडते. ताऱ्याचे बहुतेक वस्तुमान त्याआधीच, तो दाट धुळीच्या आवरणात असताना, जमा झालेले असते आणि त्यातही मध्येच जोराचे उद्रेक होतात. एफयू ओरायनिस हा तारा 1936–37 मध्ये 100 पटींहून अधिक तेजस्वी झाला आणि अजूनही पूर्वीच्या मंद स्थितीला परतलेला नाही. अशा उद्रेकात द्रव्याचा लोंढा हजारो पटींनी वाढतो आणि तबकडी ताऱ्यापर्यंत भिडू शकते, हा वर सांगितलेल्या भोकाला अपवाद आहे.

‘हायड्रोजनच्या संमीलनामुळे (अणुकेंद्रे एकत्र येण्यामुळे) प्रकाश’ ही तक्त्यावरची ओळही खोडावी. या वयात ताऱ्याचा प्रकाश मुख्यतः आकुंचनातून आणि पडणाऱ्या द्रव्यातून येतो.

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, शहराच्या दिव्यांपासून थोडे दूर जाऊन मुलांना आकाश दाखवताना कृत्तिकांकडे बोट करून ‘या ताऱ्यांभोवती अजून वायू पडतो आहे’ असे सांगू नये. त्यांचे वय सुमारे दहा कोटी वर्षे असून वायूच्या तबकड्या बहुधा एक कोटी वर्षांच्या आतच संपतात. जवळचा तांबूस रोहिणी तर वृद्ध राक्षसी तारा आहे. त्याऐवजी मृगाच्या तलवारीतील धूसर ठिपका दाखवावा. सुमारे 1,300 प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या तेजोमेघात हबल दुर्बिणीने तरुण ताऱ्यांभोवतीच्या तबकड्यांची छायाचित्रे घेतली आहेत.