टाइमशेअरची सुट्टी: महाबळेश्वर की गोवा?

टाइमशेअर म्हणजे आधी पैसे भरून दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क. त्यात मे महिन्यात दोन्हीकडे खोली मिळत असेल, तर आधी आजी-आजोबांचा विचार करा. गोव्यात तेव्हा दुपारी बाहेर पडवत नाही. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर, त्यामुळे संध्याकाळी गारवा असतो. मात्र गाडी लागणाऱ्यांना वाईकडून जाताना लागणारा पसरणीचा घाट जड जातो.

मग दोन्ही रिसॉर्टना थेट फोन लावा. खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खोलीत गॅस-भांडी आहेत का? खोलीचे पैसे आधीच भरलेले असले तरी जेवणाचे बहुधा वेगळे पडतात, आणि सहा माणसांचं बिल भराभर वाढतं. सकाळचे पोहे, रात्रीची खिचडी खोलीतच झाली तर मी तरी तेच रिसॉर्ट निवडेन, पोहण्याचा तलाव लहान असला तरी.