जुनाट आतडीविकारात आहाराची आणि व्यायामाची उद्दिष्टे कशी आखावीत

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याचा जुनाट दाह, असलेला माणूस वजन वाढवायचे, उतरवायचे किंवा ताकद कमवायची ठरवतो, तेव्हा बहुधा निरोगी माणसासाठी आखलेले वेळापत्रक उचलतो आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात आजार उसळला की सगळेच सोडून देतो. त्याची चिकाटी कमी पडलेली नसते. त्या वेळापत्रकात आजाराला जागाच ठेवलेली नसते. म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा की, उद्दिष्टे सुरुवातीलाच दोन स्वतंत्र पानांवर लिहावीत. एका पानावर आजार शांत असताना, म्हणजे रेमिशनमध्ये, काय साधायचे ते असावे आणि दुसऱ्या पानावर आजार उसळल्यावर, म्हणजे फ्लेअर आल्यावर, काय टिकवायचे ते असावे. पहिल्या पानावरून दुसऱ्यावर येणे हा मग योजनेचाच भाग ठरतो आणि परतीची वाटही आधीच आखलेली राहते.

आजार कोणत्या अवस्थेत आहे

कोणते पान लागू आहे हे केवळ पोटाच्या तक्रारींवरून ठरवता येत नाही. काही जणांना फारसा त्रास होत नसतानाही आतड्याच्या आत दाह चालू असतो. उलट दाह पूर्ण शमलेला असूनही काहींना पोट फुगणे, कळा येणे आणि वारंवार शौचाला जावे लागणे असा त्रास होत राहतो. याचा उलगडा करणारी सोपी तपासणी म्हणजे शौचातील कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातील दाहात वाढणारे प्रथिन. ते साधारणपणे प्रतिग्रॅम ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आतड्यात लक्षणीय दाह असण्याची शक्यता कमी असते आणि २५० च्या वर गेले तर दाह सक्रिय असल्याची शंका बळावते. मधल्या आकड्यांचा अर्थ आधीच्या अहवालांशी ताडून डॉक्टरांनीच लावावा. रक्तातील सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) आणि गरजेनुसार कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) यांची जोड मिळाली की चित्र स्पष्ट होते. व्यायामाचा नवा टप्पा किंवा वजन उतरवण्याचा बेत सुरू करण्यापूर्वी अलीकडचा अहवाल हाती असावा, कारण दाह चालू असताना कमी खाल्ले तर शरीर चरबीबरोबर स्नायूही गमावते आणि तो स्नायू परत मिळवणे फार कष्टाचे असते.

शांत काळातील आहार

या काळात आहार शक्य तितका विस्तृत ठेवावा, हे मी मुद्दाम ठासून सांगतो. कारण रुग्ण नेमके उलटे करताना दिसतात. प्रत्येक फ्लेअरच्या आधी जे काही खाल्ले गेले ते दोषी ठरते, कायमचे वर्ज्य होते, आणि काही वर्षांत ताटात मोजके चार-पाच पदार्थ उरतात. कोणताही एक आहार सर्व रुग्णांचा आजार शांत ठेवतो असे आजवर सिद्ध झालेले नाही, त्यामुळे दुसऱ्या रुग्णाची वर्ज्य पदार्थांची यादी उसनी घेण्यात अर्थ नाही. एखाद्या पदार्थाबद्दल शंका असेल तर तो दोन आठवडे थांबवावा, नंतर थोड्या प्रमाणात पुन्हा घ्यावा आणि त्रास दोन-तीन वेळा तसाच झाला तरच तो बाजूला ठेवावा. एका वेळी एकच पदार्थ तपासावा. वहीत जेवणाची वेळ, प्रमाण, शौचाची संख्या आणि स्वरूप, झोप आणि ताण यांची रोज एका ओळीत नोंद केली तरी महिन्याभरात पुष्कळ उलगडा होतो.

तंतुमय पदार्थांविषयी गैरसमज मोठा आहे. आजार शांत असेल आणि आतडे कुठे अरुंद झालेले नसेल, तर तंतू टाळण्याचे कारण नसते. ओट्स, शिजवलेले गाजर, सोललेला बटाटा, पिकलेले केळे यांतील मऊ, पाण्यात विरघळणारे तंतू बहुतेकांना मानवतात. साली, बिया आणि कच्च्या पालेभाज्या हळूहळू वाढवाव्यात. मात्र क्रोन्समध्ये वारंवारच्या दाहामुळे आतड्याचा एखादा भाग आखडून अरुंद होऊ शकतो, ज्याला स्ट्रिक्चर म्हणतात. तो असेल तर अख्खे दाणे, सुकामेवा, मक्याचे दाणे, मशरूम, संत्र्याच्या फोडीवरील पापुद्रा आणि दोरेदार भाज्या अडकून बसण्याचा धोका असतो. अशा रुग्णाने भाज्या सोलून, शिजवून, गाळून किंवा वाटून घ्याव्यात आणि घास नीट चावावा.

दाह शमूनही पोट फुगण्याची तक्रार राहिली, तर ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात विकसित झालेला लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात आंबून वायू करणारी काही कर्बोदके तात्पुरती वगळणारा आहार, काहींना उपयोगी पडतो. तो लक्षणे कमी करतो, दाह कमी करत नाही. तो चार ते सहा आठवड्यांपुरताच आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावा. त्यानंतर वगळलेले पदार्थ क्रमाने परत आणणे हा त्याचा अर्धा भाग आहे आणि दुर्दैवाने तोच अर्धा बहुतेक जण सोडून देतात. दुधाने त्रास होतो म्हणून सर्व दुग्धजन्य पदार्थ टाकू नयेत. लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, न पचणाऱ्यांनाही दही आणि मुरलेले चीज अनेकदा चालते, आणि हाडांसाठी लागणारे कॅल्शियम सहजासहजी दुसरीकडून भरून निघत नाही.

प्रथिनांचा हिशेब मात्र आकड्यांत करावा. शांत काळात दर किलो वजनामागे रोज सुमारे १ ग्रॅम आणि आजार सक्रिय असताना १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला याचा अर्थ शांत काळात सुमारे ६० ग्रॅम आणि फ्लेअरमध्ये ७२ ते ९० ग्रॅम असा होतो. म्हणजे भूक सर्वांत कमी असते त्याच दिवसांत गरज सर्वांत जास्त असते. ही गोष्ट लक्षात आली की दुसऱ्या पानावर काय लिहायचे ते आपोआप ठरते. जो नियमित स्नायूंचा व्यायाम करतो त्याला शांत काळातही १ ग्रॅमपेक्षा अधिक लागू शकते. किती, ते मूत्रपिंडाची स्थिती पाहून आहारतज्ज्ञाने ठरवावे.

आजार उसळल्यावर

फ्लेअरमध्ये तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान खाणी ठेवावीत आणि प्रत्येकात प्रथिनाचा एखादा सौम्य स्रोत असावा: अंडे, मासे, कोंबडीचे मऊ शिजवलेले मांस, टोफू, दही. तळलेले, फार तिखट आणि फार गोड पदार्थ, मद्य आणि कॉफी या दिवसांत बाजूला ठेवावी. चावणे किंवा गिळणे नकोसे झाले तर डॉक्टरांनी सुचवलेली पौष्टिक पेये घ्यावीत. क्रोन्स असलेल्या मुलांमध्ये तर सहा ते आठ आठवडे केवळ अशा द्रव आहारावर ठेवून आजार शांत करण्याची पद्धत प्रस्थापित उपचार मानली जाते. ती घरी स्वतःहून करण्याची गोष्ट नाही.

जुलाबांत पाण्याबरोबर सोडियम आणि पोटॅशियमही जाते, म्हणून नुसते पाणी पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेले ओआरएस लागू पडते, कारण त्यातील ग्लुकोज लहान आतड्यातून सोडियमला आणि त्यामागोमाग पाण्याला आत खेचून घेते. ज्यांना इलिओस्टोमी आहे, म्हणजे लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून त्याला पिशवी लावलेली आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. एकदम भरपूर साधे पाणी प्यायल्याने त्यांच्या पिशवीतला स्राव उलट वाढू शकतो.

वजनाच्या आकड्याकडे कसे पाहावे

या आजारात वजनकाटा वारंवार फसवतो. स्टेरॉइड चालू असताना भूक वाढते, अंगात पाणी साचते, चेहरा आणि पोट भरते आणि त्याच वेळी दंड-मांड्यांचे स्नायू झिजत असतात. काट्यावर तीन किलो वाढलेले पाहून जेवण कमी करणाऱ्या रुग्णाबद्दल मला फार वाईट वाटते, कारण तो नेमक्या चुकीच्या वेळी स्वतःची उपासमार करत असतो. म्हणून वजनाबरोबर ताकदीचेही मोजमाप ठेवावे. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येते, ठरावीक अंतर चालायला किती वेळ लागतो, मुठीची पकड किती आहे, या साध्या चाचण्या महिन्यातून एकदा पुरेशा होतात.

वजन खरोखर उतरवायचे असेल, तर आजार स्थिरपणे शांत असलेल्या काळातच ते करावे, कॅलरीत घट माफक ठेवावी आणि प्रथिने कमी होऊ देऊ नयेत. झपाट्याने वजन उतरवणारे आहार या रुग्णांनी टाळावेत. उलट प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटले, तर ते अभिनंदनाचे कारण मानू नये. ती कुपोषणाची खूण असू शकते आणि डॉक्टरांना कळवलीच पाहिजे.

कमतरता आणि डबाबंद पूरके

लोह, बी-१२, डी जीवनसत्त्व आणि फॉलेट (फॉलिक ॲसिड) यांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी. थकवा आल्यावर व्यायाम वाढवण्याआधी रक्त तपासावे, हा क्रम कधी मोडू नये. दाह चालू असताना फेरिटिनचा, म्हणजे शरीरातील लोहसाठा दाखवणाऱ्या प्रथिनाचा, आकडा फुगतो. त्यामुळे एरवी पुरेसा वाटणारा, अगदी प्रतिलिटर १०० मायक्रोग्रॅमपर्यंतचा फेरिटिनही लोहाची कमतरता झाकून ठेवू शकतो. बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते आणि क्रोन्स बहुधा तिथेच ठाण मांडतो. त्या भागाचा २० सेंटिमीटरहून अधिक तुकडा शस्त्रक्रियेत काढलेला असेल, तर बी-१२ बाहेरून कायम द्यावे लागते. या आजारासाठी मेथोट्रेक्सेट किंवा सल्फासलाझिन ही औषधे घेणाऱ्यांना फॉलिक ॲसिडची जोड लागते. आजार सक्रिय असताना लोहाच्या गोळ्या अनेकांना सोसत नाहीत. अशा वेळी शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे.

व्यायाम करणाऱ्यांच्या पूरकांची लेबले बारकाईने वाचावीत. व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतील प्रथिनाची पावडर: तिच्या कॉन्सन्ट्रेट प्रकारात लॅक्टोज अधिक असते, आयसोलेटमध्ये फारच कमी. प्रोटीन बारमधील सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल यांसारखे गोडवा आणणारे घटक धडधाकट माणसालाही जुलाब लावू शकतात. व्यायामापूर्वी घ्यायच्या पेयांतील भरपूर कॅफिनने आतड्यांची हालचाल वाढते. या आजारात ती पेये मला अनावश्यक वाटतात.

व्यायाम

मध्यम तीव्रतेच्या व्यायामाने आजार उसळत नाही, ही खात्री आधी मनाला पटली पाहिजे. अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेले ब्रिटिश नौकापटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांनी २००० साली सिडनीत सलग पाचव्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि क्रोन्स असलेल्या अमेरिकन जलतरणपटू कॅथलीन बेकर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्य आणि सुवर्ण अशी दोन्ही पदके जिंकली. सामान्य रुग्णाने त्यांच्याशी स्पर्धा करावी असे नव्हे, परंतु आजार म्हणजे आयुष्यभराची विश्रांती ही समजूत त्यांनी खोटी ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सुचवते. शांत काळातील पानावर हेच उद्दिष्ट लिहावे आणि तिथपर्यंत दहा-दहा मिनिटांच्या चालण्याने पोहोचावे. दोनपैकी एकच गोष्ट जमणार असेल, तर मी वजनाच्या व्यायामाच्या बाजूने कौल देईन, कारण स्टेरॉइड आणि दाह मिळून स्नायू आणि हाडे दोन्ही पोखरतात आणि स्नायूंवर, हाडांवर पडणारा भार दोहोंनाही उत्तर देतो.

दीर्घ आणि जोराच्या धावण्यात रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळते, म्हणून निरोगी धावपटूंनाही कळा आणि जुलाब होतात. या रुग्णांनी अंतर सावकाश वाढवावे आणि शौचालय जवळ असलेला मार्ग निवडावा. हे सांगण्यात संकोच कसला? जेवल्यानंतर आतड्यांची हालचाल वाढते आणि सकाळी ती मुळातच अधिक असते, त्यामुळे अनेकांना जेवणानंतर दोन-तीन तासांनी, दिवसाच्या उत्तरार्धात व्यायाम करणे सोयीचे जाते. अंग दुखले म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, कारण त्या आतड्याला इजा करू शकतात. पॅरासिटामॉल बहुधा अधिक सुरक्षित असते, तरी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, विशेषतः स्टोमा (पोटावर काढलेले आतड्याचे तोंड) असलेल्यांनी, जड वजन उचलण्याची परवानगी शल्यचिकित्सकांकडूनच घ्यावी आणि पोटाच्या स्नायूंचे हलके व्यायाम आधी करावेत, कारण स्टोमाभोवती हर्निया होण्याची शक्यता असते. गुदद्वाराजवळ भगंदर असेल तर सायकलऐवजी चालणे निवडावे.

फ्लेअरच्या पानावर व्यायामाच्या रकान्यात थोडेच असावे: घरातल्या घरात चालणे, सांधे मोकळे करणे, खुर्चीवरून उठणे-बसणे, आणि तेही शक्य असेल तितकेच. ताप, रक्तमिश्रित वारंवार शौच, चक्कर किंवा नाडी जलद असेल तर तेही थांबवावे. आजार शांत झाल्यावर आधी उचलत असलेल्या वजनाच्या निम्म्याने सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडीच भर घालावी. पुढच्या भेटीला दोन्ही पाने आणि नोंदवही घेऊन जावे आणि डॉक्टरांना थेट विचारावे की सध्या कोणते पान लागू आहे आणि ते कधी उलटायचे. पोट फुगून कळा येत असताना उलट्या सुरू झाल्या आणि शौच, वारा दोन्ही बंद झाले, तर मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.