डेअरीच्या सांडपाण्यावर शेवाळ लावायचंय? तळं खोदायच्या आधीची तयारी

पहिलं म्हणजे शेवाळाच्या तेलाचं बायोडिझेल डोक्यातनं काढून टाका. व्हिडिओत भारी दिसतं ते, पण शेवाळात तेल साठतं ते नायट्रोजनची उपासमार झाली की, आणि डेअरीच्या पाण्यात नायट्रोजन असतोच, त्यामुळे पाणी साफ करणारं शेवाळ प्रोटीनवालंच निघणार आणि त्याची खरी जागा डायजेस्टर, म्हणजे बायोगॅस बनवणारी बंद टाकी. म्हणून तयारी उलटीकडनं करा, माल कुठे जिरवणार ते आधी, काढणार कसा ते नंतर, आणि तळं सगळ्यात शेवटी.

आता पाणी. निदान आठवडाभर वहीत लिहा, किती लिटर आलं, किती वाजता आलं, पीएच किती. सीआयपी (पाइप आणि टाक्या न खोलता आतनं धुणं) चालू झालं की आधी कॉस्टिक सोड्याचा लोट येतो, मागनं नायट्रिक ॲसिडचा, पीएच एकाच दिवसात दोन्ही टोकं गाठतो आणि शेवाळ त्यात टिकत नाही, त्यामुळे निदान एक दिवसाचं पाणी मावेल अशी इक्वलायझेशन टाकी (सगळं पाणी एकत्र मिसळून सारखं करणारी) पाहिजेच, आणि ती हलवत ठेवायची, नाहीतर आंबते. तिच्या आधी जाळी आणि फॅट ट्रॅप (तूप-चरबी अडवणारी टाकी). पनीरची निवळी मात्र यात सोडूच नका, लिटरला ५० ग्रॅमच्या वर सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) असतो तिचा, ती वेगळ्या ड्रमात धरा, पुढे लागणार आहे. आणि कच्चं दुधाळ पाणी थेट तळ्यात नको, उजेड आत जात नाही, आधी डायजेस्टरमधनं काढून मग शेवाळाला द्या.

जागेचा हिशेब सोपाय. रोज १०,००० लिटर पाणी, सहा दिवस मुक्काम, खोली ३० सेंटीमीटर (जास्त खोल केलं तर तळाला अंधार) म्हणजे २०० चौरस मीटर, साधारण दोन गुंठे. रेसवे तळं (उथळ, लांबट, पाणी गोल फिरत राहणारं), ते ढकलायला पॅडल व्हील म्हणजे पात्यांचं चाक, पाणी सेकंदाला २०-३० सेंटीमीटर सरकत राहिलं पाहिजे. ही कल्पना कॅलिफोर्नियात ऑस्वाल्ड या इंजिनिअरने १९५० च्या दशकात मांडली, नवीन काही नाही.

बियाणं क्लोरेला नाहीतर सेनेडेस्मस. कल्चर कलेक्शनमधनं (शुद्ध जाती जपणाऱ्या संस्थेतनं) आणा, पण जवळच्या ओढ्याचं हिरवं पाणीपण बाजूच्या ड्रमात वाढवून बघा, आपल्या उन्हाला सरावलेलं असतं. तळ्यात एकदम ओतू नका, बादली, ड्रम, छोटी टाकी असं वाढवत न्या. दुपारी पीएच ९ च्या वर गेला की अमोनिया शेवाळालाच मारक ठरतो, तेव्हा पीएच खाली ठेवायला बायोगॅसमधला किंवा बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड द्यायची सोय आत्ताच पाइपात धरा. साधा मायक्रोस्कोपपण घ्या, रोटिफर किडे घुसले तर दोन-चार दिवसात तळं साफ करतात.

आणि काढणी, इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. चौरस मीटरला दिवसाला १० ग्रॅम धरलं तर या तळ्यातनं रोज २ किलो सुकं शेवाळ, ते १०,००० लिटरात विखुरलेलं, म्हणजे हजार लिटरला २०० ग्रॅम! सेंट्रिफ्यूजच्या (गरगर फिरवून शेवाळ वेगळं करणाऱ्या यंत्राच्या) नादी लागलात तर गॅसपेक्षा विजेचं बिल मोठं. सेटलिंग टाकी बांधा, शेवाळ खाली बसवायला तुरटी किंवा कायटोसन किती लागतं ते आधी बरणीत ट्राय करा (तुरटी जपून, ती गाळाबरोबर डायजेस्टरमध्ये जाते), आणि वाळवायच्या भानगडीत पडू नका, ओलं तसंच डायजेस्टरला. शेवाळात नायट्रोजन जास्त, कार्बन कमी, म्हणून तिथे शेण आणि ती धरून ठेवलेली निवळी मिसळायची.

मिळणार किती? २ किलोतनं अर्धा-पाऊण घनमीटर बायोगॅस, म्हणजे पाव किलोच्या आसपास एलपीजी, बस्स. मालकाला हा आकडा आधीच सांगा. हे करायचं ते पाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस काढायला, गॅस वरकड.

पावसाळ्यात ढग आणि वरनं पाऊस, तळं पातळ होतं, वाढ मंदावते, तेव्हा जुनी ईटीपी (सांडपाणी साफ करायची यंत्रणा) मोडू नका, तिकडे वळवायला एक व्हॉल्व ठेवा. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात बदल लागेल, तो अर्ज खोदाईच्या आधी. आणि बाहेर जाणारं पाणी तपासायला देताना सकाळचं आणि दुपारचं, दोन्ही नमुने द्या, कारण दुपारचा पीएच ८.५ च्या मर्यादेवर सहज जातो.