पोट्ट्यायले मोबाईलची सेफ्टी शिकवाची तं आधी नाटक करा

फळ्यावर नियम लिहून काई होत नाही राजेहो, पोट्टे उतरून घेतात अन् विसरतात. आपल्याकडं घरात मोबाईल एकच, तोबी बापाचा, अन् बाप कापूस वेचाले गेला की तो पोराच्या हातात. म्हणून वर्गात दोघायले उभं करा, एक फोन करणारा, एक घरचा पोरगा.
"बाळा, बाबाच्या खात्यात पीक विम्याचे पैसे टाकाचे हायेत, पिन टाक बरं."
इथं थांबवा अन् विचारा, पैसे येताना पिन लागते काय? यूपीआय पिन पैसे पाठवाले लागते, घ्याले नाही. हे तीन-चारदा वेगवेगळ्या पोरायकडून बोलून घ्याच, अन् ओटीपीचंबी तसंच, कोणालेच सांगाचा नाही, मागणारा बँकेचा साहेब म्हणो की मामा.

पासवर्डले बैलाचं नाव नको, ते साऱ्या गावाले माहीत असते! एखादं येडंगबाळं वाक्य घ्या, त्याची पहिली अक्षरं, मधात आकडे.

व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमधे अकाउंटमधे टू-स्टेप व्हेरिफिकेशन असते, म्हणजे खात्याले दुसरं कुलूप, ६ आकडी पिनचं, पालक मीटिंगला आले की तिथंच चालू करून द्या.

पैसे गेलेच तं लगेच १९३० ले, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनले, फोन लावाचा. पण पोरगं मारापायी सांगतच नाही, तेव्हा मीटिंगमधे बापायलेबी सांगा, आधी फोन, मंग रागवा.